मुराळी

भाद्रपद लागला तेव्हा सुनेनं विचारलं, "बाबा, आईंच्या नवमीला सवाष्ण कोण सांगायची?"

नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिच्यासाठी पितृपक्षात आहेव नवमी करतात. एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. नवरा आहे तोवर हे करायचं, तो गेला की बंद. संजीवनीचं वर्षश्राद्ध माघात झालं होतं. ही तिची पहिली नवमी.

मी म्हणालो, "इथलीच कुणी बघ. बारामतीत सवाष्णींना काय तोटा आहे?"

श्रिया थोडी घुटमळली. ती बँकेत नोकरीला आहे, बोलायला भीत नाही. पण त्या दिवशी तिनं आधी हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं.

"आईंनी सांगून ठेवलंय. दवाखान्यात असताना. म्हणाल्या, माझ्या नवमीला कळसची बनाबाई सांगा, दुसरी नको."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. बनाबाई म्हणजे माझ्या चुलतभावाची, आबासाहेबांची बायको. आणि आबासाहेब म्हणजे ज्या माणसानं संजीवनीला निवडणुकीत पाडलं तो. अख्ख्या कळसनं पाडलं, पण पुढं आबासाहेब होते.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाल्या, त्यांना आत्ता सांगितलं तर चिडतील."

मी चिडलो नाही. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. संजीवनी मनात काय घेऊन गेली, हे मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. गावानं आपल्याला दगा दिला, हे घेऊन गेली. निवडणूक हरून गाव सोडल्यावर तिनं कळसमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. मग बनाबाई कशाला? रागातच गेली असेल तर मला माफ नाही करता येणार त्या गावाला. आणि रागात गेली नसेल, तर एवढी वर्षं ती माझ्या शेजारी बसून कशाची वाट बघत होती?

आता तिच्याबद्दल थोडं सांगतो, कारण लोकांना मंत्री झालेली संजीवनी माहीत आहे, आधीची नाही.

ती डाळजची. वडील शाळामास्तर. बारामतीच्या कॉलेजात बी. ए. झालेली मुलगी माझ्यासारख्या बारावी नापासाला कशी दिली, असं लोक विचारायचे. तिच्या वडिलांनी आमची बागाईत बघितली होती, मला बघितलं नव्हतं, असं ती हसून सांगायची. आमच्याकडे तेव्हा गवार, वांगी आणि थोडे पेरू होते. पहाटे ती माझ्याबरोबर गवार तोडायची आणि दुपारी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायची.

गावचं सरपंचपद बायकांना राखीव झालं तेव्हा आबासाहेबांनीच तिचं नाव सुचवलं. बनावहिनींना लिहिता-वाचता येत नव्हतं, नाहीतर त्यांनाच उभं केलं असतं. घरातली बाई सही करील आणि कारभार आपण बघू, असा आबांचा हिशोब होता. पहिल्या सभेला ग्रामसेवकानं रिवाजाप्रमाणे तिच्या शेजारी माझी खुर्ची मांडली. सगळीकडं सरपंचबाईचा नवराच बोलायचा. संजीवनी आली, खुर्चीकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुमी घरी जावा. गवार तोडायची राहिलीया."

सगळी सभा हसली. मीही हसलो आणि उठलो. तेव्हापासून मला गावात 'मिस्टर सरपंच' म्हणायला लागले. पुढं ती जिल्हा परिषदेवर गेली, मग आमदार झाली. मला मात्र नाव तेच राहिलं, फक्त हुद्दा वाढत गेला. मिस्टर आमदार. मिस्टर मंत्री.

प्रचार ती स्वतःच्या पद्धतीनं करायची. मोठ्या सभा तिला आवडायच्या नाहीत. वस्त्या-वस्त्यांवर जायची, बायका तिची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. संध्याकाळी घरी आलो की ती जमिनीवर बसून खण निवडायची आणि त्यावरून मतांचा अंदाज सांगायची. आम्ही पुरुष गर्दी मोजायचो, ती ओट्या बघायची.

"पुरुष तोंडावर खोटं बोलतो," ती म्हणायची, "बाईला ओटी खोटी भरता येत न्हाय. जिथं मत द्यायचं नसतं तिथं नारळ सुका असतो. भरताना घाई असते. डोळ्याला डोळा देत न्हाय."

आणि तिचा अंदाज चुकायचा नाही. आमदारकीच्या पहिल्या निवडणुकीत भले भले म्हणत होते की बाई पडणार. तिनं खण निवडले आणि म्हणाली, झोपा आता, आपण आलो. आलो.

राज्यमंत्री झाली तेव्हा पाण्याचं खातं मिळालं. आमच्या भागातली बाई मंत्री होते, तेही पाण्याची, याचं लोकांना अप्रूप. भिगवणपासून गाड्या निघाल्या होत्या. कळसला मिरवणूक निघाली, आबासाहेबांनी स्वतः गुलाल आणला होता. बनावहिनींनी तिला ओवाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जाऊबाई, आता आमच्या चारीला पाणी यील ना गं वेळंवर?"

संजीवनी नुसती हसली. मला ते हसू तेव्हा कळायला हवं होतं.

आमचं गाव कालव्याच्या फाट्याच्या तोंडाशी आहे. कालव्याला पाणी सुटलं की आधी आमचं भिजायचं, मग पुढच्यांचं, आणि शेवटच्या गावांना उरलं तर. बहुतेक वेळा उरायचं नाही. ती मंत्री झाल्यावर एकदा मला घेऊन शेवटाला गेली. तिथं चारीत, शेतांना पाणी नेणाऱ्या चरात, पोरं क्रिकेट खेळत होती. स्टंप चारीच्या मधोमध. त्या पोरांनी त्या चारीत पाणी आलेलं कधी बघितलंच नव्हतं. संजीवनी काठावर उभी राहून बराच वेळ त्यांचा खेळ बघत राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "ह्यांचं मैदान मोडायचं मला."

आणि तिनं नियम काढला. पाणी शेवटाकडून द्यायचं. आधी शेवटचं गाव, मग त्याच्या वरचं, असं करत तोंडाशी यायचं. कागदावर असे नियम पूर्वीही होते म्हणे, पण अमलात कुणी आणले नव्हते. तिनं आणले. चाऱ्यांच्या दारांना कुलपं लावली, माणसं बसवली.

आबासाहेब आमच्या ओसरीवर आले. तेव्हाचं बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं.

"मंत्रीणबाई, आमची पाळी कवा?"

"शेवटी, आबा. ह्या बारीला आपला नंबर शेवटी."

"घरच्या माणसाला शेवटी?"

"घरच्या माणसानं शेवटीच जेवायचं असतं. पाव्हणं आधी."

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "आन ताट रिकामं झालं तर?"

त्या उन्हाळ्यात ताट रिकामंच झालं. कोरड्या चाऱ्यांनी पाणी पिऊन टाकलं, वर यायला पाणी उरलं नाही. आबांच्या डाळिंबाचा बहर गळाला. आमचेही पेरू वाळले, पण ते कोण बघतो? पुढच्या पाळीला कळसला थोडं पाणी आलं, तोवर लोकांची मनं फिरली होती. आबा चौकात उभे राहून म्हणायचे, "लेक डाळजची, सून कळसची, आन पाणी तिसरीकडंच!" लोक टाळ्या द्यायचे. वाक्य चांगलंच होतं. मला अजून पाठ आहे.

वरच्या सगळ्या गावांतून ओरड झाली तेव्हा पक्षानं तिचं खातं काढून घेतलं. फेरबदल म्हणाले. तिनं एका फोनवर ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि जेवायला बसली.

मग निवडणूक आली. तिकीट मिळालं, पण पक्षाची माणसं पाय ओढत फिरत होती. मला कळसची धास्ती होती. प्रचाराच्या शेवटी आम्ही कळसमध्ये दारोदार गेलो आणि मी चकित झालो. अशा ओट्या मी कधी बघितल्या नव्हत्या. पाणीदार नारळ. खण नवे कोरे, काहींनी तर अख्खी साडी घातली. बायका घाई करत नव्हत्या. डोळ्याला डोळा देत होत्या, कित्येकींचे डोळे भरले होते. बनावहिनींनी ओटी भरली आणि संजीवनीला जवळ घेतलं.

एकच गोष्ट मला खटकली. ओटी भरून झाली की बायका तिच्या पदरातले चार-पाच दाणे परत घेत होत्या. घरात नेऊन ठेवत होत्या. एकीनं नाही, सगळ्यांनी. मला वाटलं, कसली ही कंजुषी. देऊन परत काय घ्यायचं?

संध्याकाळी मी म्हणालो, "कळसमधलं एक मत जात नाही आपलं!"

संजीवनी म्हणाली, "बघू."

त्या दिवशी तिनं खण निवडले नाहीत. सगळे तसेच एका ट्रंकेत घालून ट्रंक बंद केली.

निकालात ती मोठ्या फरकानं पडली, आणि सगळ्यात कमी मतं कळसमध्ये पडली. सासरच्या गावात. खालच्या गावांनी भरभरून दिली होती, पण ती गावं लहान. मी मतमोजणीच्या ठिकाणाहून घरी येऊन ओसरीवर उभा राहून ओरडलो, "खोट्या! सगळ्यांच्या ओट्या खोट्या!" भावकीतल्या बायका आपापल्या दारातून ऐकत होत्या. संजीवनीनं मला हाताला धरून आत नेलं. म्हणाली, "तुमाला न्हाय कळायचं ते. तुमाला बहीण असती आन तिला सासरी धाडली असती, तर कळलं असतं." मला काही समजलं नाही. आमच्या घरात लेक नाही, मला बहीण नाही. एकटा मुलगा, विराज.

महिन्याच्या आत आम्ही बारामतीला विराजच्या बंगल्यावर राहायला आलो. कळसचं घर कुलूपबंद केलं, शेत वाट्यानं दिलं. सुरुवातीला पक्षाच्या बोर्डांवर तिचा फोटो असायचा, वरच्या रांगेत. मग कडेला गेला. मग तिकिटाएवढा झाला. मग नाही. ती रस्त्यानं जाताना बोर्डांकडं बघायची आणि म्हणायची, "किती पोरं आली बघा नवी. एकाला पण नीट हसता येत न्हाय फोटोत."

तिला ते लागत नसावं असं मला वाटायचं. पण श्रावण आला की ती बदलायची. नागपंचमीच्या आधी तिची दौऱ्याची खाकी बॅग कपाटावरून खाली यायची. दोन साड्या घडी घालून ठेवायची आणि गेटसमोरच्या खुर्चीत बसायची. गाडीचा आवाज आला की मान वर. सणाचा दिवस गेला की बॅग पुन्हा वर ठेवायची, रिकामी न करताच. दिवाळीतही तसंच.

मला वाटायचं, ती मुंबईच्या बोलावण्याची वाट बघते. पक्षातून कुणीतरी येईल, गाडी घेऊन येईल, म्हणेल चला ताई. एकदा मी म्हणालोही, "संजू, आता कुणी येत नाही तुला न्यायला. विसर ते."

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

शेवटच्या वर्षी तिला खुर्चीत बसवत नव्हतं. तरी पंचमीला तिनं श्रियाकडून बॅग खाली काढून घेतली होती.

तर आता तिच्या शब्दासाठी मला कळसला जाणं भाग होतं. जायचं तर घर उघडून बघावं म्हणून किल्ली शोधायला लागलो. कपाटात नाही, देवघरात नाही, विराजच्या ड्रॉवरमध्ये नाही. शेवटी श्रियानं ती खाकी बॅग खाली काढली. संजीवनी गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. दोन साड्या, त्यांच्या घडीत कापूर. एक कागदात गुंडाळलेला कोरा खण. आणि खाली, रुमालात बांधलेली कळसच्या घराची किल्ली.

साड्यांना अजून तिचा वास होता. मी बॅग बंद केली.

श्रिया म्हणाली, "मुंबईला जायच्या बॅगेत कळसची किल्ली कशाला ठेवतील, बाबा?"

मी किल्ली खिशात टाकली आणि एसटीनं कळसला गेलो.

आबासाहेब ओसरीवर बाजेवर बसले होते. फार थकलेत. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, पण जीभ होती तशीच.

"या मिस्टर मंत्री! वाट चुकला व्हय?"

"चुकलो नाही, आबा. कामानं आलोय."

"कामाशिवाय कोन येतंय म्हणा आमच्याकडं. बस." मग आत वळून ओरडले, "अगं, रामा आलाय! पाणी आण. आपल्याला आलंय आता वेळंवर पाणी, द्यायला हरकत न्हाय."

बनावहिनी तांब्या घेऊन आल्या. केस सगळे पांढरे, कपाळाला मोठं कुंकू. मला बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"भावजी, आलात. येकटंच आलात."

मी म्हणालो, "वहिनी, नवमीला तुम्हाला सांगायला आलोय. तिनं सांगून ठेवलंय. तुम्हीच हव्यात असं."

त्या खांबाला टेकून खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. आबा दुसरीकडं बघायला लागले.

मला त्यात शिरायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "मला एक सांगा वहिनी. मत द्यायचं नव्हतं तर नव्हतं. पण त्या ओट्या कशाला भरल्या? तेवढ्या भरल्या नसत्या तर माझी बायको निदान रागावून मोकळी झाली असती."

"रामा," आबा म्हणाले, "ते माझ्यावर घाल. मत मी फिरवलं. बाग जळत हुती. आजबी तसंच करीन. तिचाच नियम चालू हाय आजबी, फकस्त नाव दुसऱ्याचं. आमी शेवटीच जेवतोय, आन जेवतोय. पर तवा न्हाय कळलं."

"मी तुम्हाला नाही विचारत आबा. ओट्या वहिनींनी भरल्या."

बनावहिनींनी डोळे पुसले. "भावजी, आमी दाणं परत घेतलं ते बघितलं का तुमी?"

"बघितलं. म्हणून तर."

"कवा घेत्यात दाणं परत?"

"मला काय माहीत?"

"व्हय की. तुमच्या घरातनं लेक कुठं गेलीया." त्या जवळ सरकल्या. "लेक सासरी निघाली की तिची ओटी भरत्यात. आन तिच्या पदरातलं पाच दाणं आई परत घेती, आपल्या तांदळात मिसळती. म्हंजे लेक परत यावी. आमी समद्या बायका आदल्या दिशी हितंच बसलो हुतो. मत तर बाप्यांनी ठरवलं हुतं, आन खोटं कशाला सांगू, आमचंबी तेच हुतं. लेकराबाळांच्या तोंडातलं पाणी कोन सोडंल? पर तिला अशी हाकलून लावायची, ते जिवाला येईना. गावासाठी काय केलं न्हाय तिनं? सुनेला घालवायची रीत न्हाय. लेकीला घालवायची हाय. मग आमी तिला लेक केली. जा बाई आत्ता, पर ये, असं."

"तिला कळलं होतं?"

"तिला न कळायला काय झालं? मी ओटीतलं दाणं घेतलं, तवा कानात म्हणाली मला, आक्का, समजलं."

बाहेर बांधावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मी खिशातली किल्ली हातात धरून बसलो होतो.

"मग," मी म्हणालो, "तुम्ही तिला परत का नाही आणलं?"

बनावहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. "आणायचं कशाला? तिचंच घर हाय. किल्ली तिच्यापाशी. आमी दर पंचमीला म्हणायचो, आज यील, उद्या यील. मी तुमचं अंगण झाडून ठिवायची. आली न्हाय तवा समद्या म्हणाल्या, राग गेला न्हाय बाईचा. मोठी माणसं."

तेव्हा मला ती गेटसमोरची खुर्ची दिसली. दोन साड्या. बनावहिनींसाठी घेतलेला कोरा खण. गाडीचा आवाज आला की वर होणारी मान.

"वहिनी," मी म्हणालो, "ती दर पंचमीला बॅग भरून बसायची. मला वाटायचं मुंबईची वाट बघते."

बनावहिनींना लगेच कळलं. मला सांगायला दोन वाक्यं लागली असती, त्यांना एकही लागलं नाही. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं माझ्या बाई! मुराळ्याची वाट बघत हुती!"

लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. भाऊ जातो, बाप जातो, नाहीतर घरातला कुणी. न्यायला आल्याशिवाय लेक आपल्या पायानं माहेरी जात नाही, तो तिचा मान. यांनी तिला लेक केली आणि सुनेसारखी येईल म्हणून दार झाडत बसले. तिनं लेकीची ओटी पदरात घेतली आणि लेकीसारखी बसून राहिली. बारामती ते कळस एका एसटीचं अंतर.

आबासाहेब आपल्या पायांकडं बघत म्हणाले, "कुनी तरी एकानं फोन तर करायचा."

"फोनवर लेक आणत्यात व्हय?" बनावहिनी रडता रडता त्यांच्यावर खेकसल्या. "तुमी जायचं हुतं! घरात दुसरा थोरला कोन हाय? पडला असता का पटका खाली?"

मी नवमीचा दिवस पुन्हा सांगितला, गाडी पाठवतो म्हणालो आणि उठलो. घर उघडलं नाही. एकट्यानं उघडवेना.

नवमीच्या दिवशी सकाळी श्रिया स्वयंपाकाला लागली होती. विराज बनावहिनींना आणायला निघणार तेवढ्यात गेटशी जीप थांबली. मी त्या खुर्चीतच बसलो होतो. हल्ली बसतो.

जीपमधून आबासाहेब उतरले. एकटेच. धुतलेलं धोतर, कडक पटका, पायात करकरणाऱ्या नव्या वहाणा. ड्रायव्हरचा हात झिडकारून काठी टेकत गेटपर्यंत आले आणि आत न येता तिथंच उभे राहिले.

"आबा, आत या. वहिनी कुठं आहेत?"

"ती येत न्हाय हितं. तिकडं चूल पेटवलीया तिनं तुझ्या घराच्या अंगणात. सवाष्ण तितंच जेवंल." त्यांनी घसा खाकरला. "मी संजीवनीला न्यायला आलोय."

विराज माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटलं, आबांचं डोकं ठिकाणावर नाही.

मी म्हणालो, "आबा, तुम्ही तिचे थोरले दीर. दीर कधी मुराळी होतो का?"

"आता झालोय."

"आणि पितृपंधरवड्यात कोण मुराळी जातं?"

"उशीर झालेला मुराळी कवाबी जातो," आबा म्हणाले. "बोलत बसू नगंस रामा. उन्हं व्हायच्या आत पोचायचंय. तिचं सामान आण."

मी आत जाऊन खाकी बॅग घेतली. श्रियानं शिजवलेलं सगळं डब्यांत भरलं; ती आणि विराज त्यांच्या गाडीतून मागोमाग निघाले. जीपमध्ये आबा पुढं बसायला तयार होईनात. मुराळी लेकीजवळ बसतो म्हणाले. मागच्या सीटवर मी एका कडेला, आबा दुसऱ्या कडेला, आणि मध्ये बॅग. वाटेत कालवा भरून चालला होता. आबांनी एक हात बॅगेवर ठेवला होता, खड्डा आला की धरायचे.

कळसला आमच्या घरासमोर बायका जमल्या होत्या. अंगण सारवलेलं होतं. मी बॅग घेऊन उतरलो तर बनावहिनी म्हणाल्या, "थांबा भावजी, तसंच आत जायाचं न्हाय." त्यांनी भाकरीचा तुकडा आणि पाणी घेतलं, माझ्यावरून आणि बॅगेवरून ओवाळून बाजूला टाकलं. मग मी किल्लीचा रुमाल सोडला. कुलूप गंजलं होतं पण किल्ली फिरली.

आत धुळीचा आणि जुन्या धान्याचा वास होता. बायकांनी बघता बघता झाडून घेतलं. बनावहिनींना पाटावर बसवलं, श्रियानं वाढलं. त्या घास घ्यायच्या आणि थांबायच्या. एक म्हातारी म्हणाली, "जेव गं नीट, ती सरपंच असताना बी ताटात टाकलेलं चालायचं न्हाय तिला." सगळ्या हसल्या, बनावहिनीही हसल्या आणि मग नीट जेवल्या.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला सारखं वाटत होतं की ती आतून येईल आणि म्हणेल, तुमी इथं काय करताय, गवार तोडायची राहिलीया. माणूस गेल्यावर एवढं एकच मागणं उरतं, की त्यानं आपल्याला पुन्हा एकदा कामाला लावावं.

जेवण झाल्यावर श्रियानं ओटी भरली. खण तोच, संजीवनीनं बॅगेत ठेवलेला. बनावहिनींनी तो डोळ्यांना लावला. मी विचारलं, "वहिनी, ते पाच दाणे आहेत का अजून?"

"ते कवाच शिजून गेलं, भावजी. दाणं ठिवायचं नसत्यात. मिसळायचं असत्यात. वर्सभर घरात तांदूळ शिजतो आन त्यात ती असती."

एवढं बोलून त्यांनी आपल्या ओटीतून चिमूटभर तांदूळ काढले आणि श्रियापुढं हात केला. "घे गं पोरी. तुझ्या सासूच्या घरातल्या तांदळात टाक."

श्रियानं हातात घेतले आणि इकडं तिकडं बघायला लागली. फळीवर डबे होते, पण रिकामे. इतकी वर्षं बंद असलेल्या घरात तांदूळ कुठून असणार? ती माझ्याकडं बघू लागली. बायकाही बघू लागल्या. त्या दाण्यांना जागा नव्हती.

"जरा धर तसेच," मी तिला म्हणालो. खाली वाकून वहाणा चढवल्या आणि दुकानातून तांदूळ आणायला निघालो.

आबा ओसरीवरून म्हणाले, "रामा, किलोभर आणतूस का काय?"

"नाही आबा," मी म्हणालो. "पोतं आणतो."